मूल व्हावं म्हणून लूप

१९ जुलै १९७६, सोमवार
रंभाला आज लूप बसवला. लोक मूल होऊ नये म्हणून बसवतात, आम्ही मूल व्हावं म्हणून! दोन वर्षांपूर्वी बाळ पोटातच गेलं, पिशवी खरवडली, तेव्हापासून हिला पाळीच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, व्रण पडून पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटल्यात. त्या सोडवल्या. पुन्हा चिकटू नयेत म्हणून मध्ये लूप — तीन महिने, शिवाय गोळ्या. रंभाला समजावलं, ओल्या पापडांत कागद घालतात तसं. ती म्हणाली, पापडांत कागद कोण घालतं?

२८ जुलै
घात झाला. प्रत्येक मास्तरानं कुटुंबनियोजनाच्या दोन केसेस आणायच्या आहेत. माझी एकही नव्हती. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी लूप बघून रंभाचं नाव सरळ त्या यादीत घातलं, आणणारा म्हणून माझं! आज प्रार्थनेनंतर हेडमास्तर बसलिंगप्पांनी मला हार घातला.
"काही जण सहा लेकरांवरही थांबत नाहीत. आणि हे आमचे मास्तर बघा — एकही नसताना थांबले!"
पोरांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायला तोंड उघडलं, तर हातात नारळ दिला. असला हार देवाला कसा घालू? शेजारच्या म्हशीनं खाल्ला.

१ ऑगस्ट
थोरली बहीण बजाक्का वळसंगहून आली. हाराची बातमी तिथवर गेली!
"लेकरू न्हाय म्हनून देवाला साकडं घालतूस, आन हितं लूप बशिवतूस व्हय रं?"
समजावलं. ऐकेना. अक्कलकोटकडची एक बाई बघून ठेवलीय म्हणे. तोवर रंभाचं काही झालं नाही, तर तुळशीचं लग्न लागलं की माझं. मी अठ्ठेचाळीस, खालचे तीन दात नाहीत. म्हटलं, त्या बाईला मला एकदा दाखव, तीच पळेल. अक्का हसली. रंभा नाही.

२ ऑगस्ट
रंभा म्हणाली, करा खुशाल दुसरं. मी विचारलं, मनापासून? म्हणाली, भाकरी करपतीय, गप बसा.

१९ ऑक्टोबर
लूप काढला. येताना सिद्धेश्वराला गेलो. जन्मात पहिल्यांदा देवाकडे बायकोची पाळी मागितली. त्यालाही नवीनच असेल.

२६ ऑक्टोबर
काही नाही.

३१ ऑक्टोबर
सकाळी रंभा चुलीपुढून उठली आणि बाहेरच्या खोलीत घोंगडीवर वेगळी जाऊन बसली. दोन वर्षांनी! बजाक्काला कार्ड टाकलं — बाई बघू नको. पेढे आणले. कशाचे म्हणून वाटू? आम्हीच खाल्ले. ती उंबऱ्याच्या पलीकडे, मी अलीकडे.