ऐनाची खालची फांदी

आबा,

भोरच्या स्टँडवर गाडीत बसून हे लिहितेय. वेल्ह्याची फेरी सुटायला अजून पाऊण तास आहे. ड्रायव्हर झाडाखाली जाऊन आडवे झालेत आणि माझा उजवा खांदा सकाळपासून ठणकतोय. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, मी एसटीत कंडक्टर झाले ते तुम्ही बघितलंच नाही. दिवसभर एक हात वरच्या दांडीला आणि दुसऱ्या हातात तिकिटाचं मशीन, वळणावर सगळं अंग त्या एका हातावर येतं. तीन वर्षांपूर्वी तो खांदा आखडला. वेणी घालायला हात मागं जाईना. डॉक्टर म्हणाले, रोज कशाला तरी लोंबकळत जा. मला हसूच आलं, मी पगार त्याचाच घेते.

नसरापूरला आम्ही राहतो तिथं देवळामागं व्यायामाची लोखंडी अवजारं बसवलीत. त्यातल्या उंच दांडीवर बायका गोधड्या वाळत घालतात. सकाळी ड्युटीआधी मी गोधडी बाजूला सारून तिथं लोंबकळायला लागले. पहिल्या दिवशी दहा आकडे मोजून होईपर्यंत बोटं सुटली. दोन महिन्यांत तीस झाले, खांदाही मोकळा झाला, तेव्हाच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मोबाईलवर एक बाई बघितली, माझ्याच वयाची. दांडी धरून नुसत्या हातांच्या जोरावर ती स्वतःला वर ओढते आणि हनुवटी दांडीच्या वर नेते. मला वाटलं, आयुष्यात एकदा, फक्त एकदाच, हे आपल्याला जमलं पाहिजे. घरात आणि गाडीत माझं सगळं दुसऱ्यांच्या वेळेवर चालतं. हे एक माझं होतं.

तीन वर्षं झाली आबा, ती हनुवटी अजून वर गेलेली नाही. त्या बाईनं सांगितलं होतं की आधी खाली यायला शिका. मग मी दुधाचा रिकामा क्रेट पालथा घालायची, त्यावर चढून हनुवटी दांडीच्या वर घ्यायची, पाय उचलायचे आणि जमेल तितकं सावकाश खाली यायचं. पहिल्यांदा धपकन आले. मग तीन मोजेपर्यंत टिकले, मग आठ. मग कोपर दुखायला लागलं, दीड महिना सगळं बंद. परत धरलं तर चिकनगुनिया झाला, आणि सांधे असे धरले की मशीनचं बटण दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. दोन्ही वेळा पुन्हा त्या पहिल्या दहा आकड्यांपासून सुरुवात. नवीन शिकायचा मला कंटाळा नाही, पण एकदा आलेलंच पुन्हा शिकायचं म्हटलं की जीव नकोसा होतो. गोधड्यावाल्या बायका विचारायच्या, सर्कशीत कधी जाणार. मागच्या महिन्यात मात्र क्रेट न घेता ओढलं आणि डोळे दांडीच्या वर गेले, पलीकडं देवळाचा कळस दिसला. हनुवटीला चार बोटं कमी. हावरटासारखा झटका दिला आणि खांद्यात कटकन काहीतरी झालं.

त्या संध्याकाळी ह्यांनी तेल चोळून दिलं. डॉक्टरांनी सहा आठवडे हात वर न्यायला बंदी केली होती. चोळता चोळता हे म्हणाले, "आता पुरं की. न्हाई जमायचं ते आता तुला." अगदी मायेनं म्हणाले. मी हात काढून घेतला आणि उठून भाकरी थापायला बसले, एका हातानं. त्यांना कळेना काय चुकलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ते वाक्य माझंच होतं, मी चौदा वर्षांची असताना तुम्हाला ऐकवलेलं.

मी नऊ वर्षांची असेन. भाताची रोपं जिथं टाकायची ती जमीन भाजायला राब लागतो, आणि राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायला तुम्ही दर उन्हाळ्याच्या तोंडाला झाडावर चढायचात. आपलीच नाही, अर्ध्या गावाची झाडं तुम्ही तोडायचात. कमरेला आकडी, आकडीत कोयता, आणि एका दमात खालची फांदी धरून वर. शेंडा कधी तोडायचा नाही, झाड जगलं पाहिजे, म्हणायचात. मी हट्ट धरला मलाही चढायचंय. तुम्ही मला उचलून त्या खालच्या फांदीवर ठेवलंत आणि दोन पावलं मागं सरलात. "आदी उतर. हळू. मग चडायचं बघू." मी रडले, तुम्ही हात दिला नाही. तीन दिवस मी फक्त उतरत होते. तो मोबाईलवरचा धडा मी आधीच शिकलेले होते, हे मला क्रेटवरून धपकन पडेपर्यंत आठवलं नाही.

मी तेरा वर्षांची असताना तुम्ही ऐनावरून पडलात. खांदा मोडला, तो कामट्या लावून बांधला, आणि त्या साली आपला राब शेजाऱ्यांनी तोडला. तुम्ही ओट्यावर बसून बघत होतात. कामट्या सुटल्या आणि मग रोज सकाळी तुम्ही गोठ्यातल्या तुळईला लोंबकळायला लागलात. तुळई बुटकी, म्हणून गुडघे दुमडून. ओठातल्या ओठात मोजत होतात. मी शेण काढता काढता बघायची आणि मला ते काहीतरीच वाटायचं, एवढा मोठा माणूस आणि हे काय पोरखेळ. सबंध पावसाळा, सबंध हिवाळा तुम्ही ते केलंत. मध्ये एकदा हात सुजला, पंधरा दिवस थांबलात, परत सुरू केलंत.

मग तो दिवस येतो. गुंजवण्याच्या रस्त्याकडेचा ऐन, भर दुपार. मी भाकरी घेऊन आलेय. तुम्ही आकडी बांधताय, तळहात मातीत घासताय, उडी मारून खालची फांदी धरताय. अर्ध्यावर जाता आणि थांबता. पाय खोडाला शोधतायत, मान ताठ, दात आवळलेले. रस्त्यानं माझ्या वर्गातल्या मुली शाळेतून येतायत, त्या उभ्या राहतात, एक हसते. मी मोठ्यानं म्हणते, "आबा, उतरा खाली. आता न्हाई जमायचं तुमाला."

तुम्ही उतरलात. सुटून पडला नाहीत, हळूच उतरलात, मला शिकवलं होतंत तसे. आकडी सोडून माझ्या हातात दिलीत आणि भाकरी खायला बसलात. त्यानंतर अकरा वर्षं जगलात, पण परत कधी ऐनावर चढला नाहीत. मला कधी बोलही लावला नाहीत.

गेल्या रविवारी आईकडं गेले होते. ड्युटीवर डाव्या हातानं भागवते, सुट्टीला मात्र उजवा गळ्यात बांधते; तो बघून तिनं विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. ती उठून गोठ्यात गेली, मला मागं बोलावलं. तुळईवर दोन ठिकाणी लाकूड हाताएवढं गुळगुळीत झालंय. आई म्हणाली, "तू घरात नसलीस का लोंबकळायचे. शेवटी आजारी पडंस्तवर. म्या म्हनलं, आता झाडावर चडायचं न्हाई तर कशाला? तर म्हनले, पोरीला सांगू नगं. त्या दिशी लई घाबरली व्हती ती."

सोमवारी माझे सहा आठवडे संपतात. दहा आकड्यांपासून सुरू करणार आहे, घरी सांगितलेलं नाही. जमेल असं काही वाटत नाही, दमलेय मी. ड्रायव्हर उठलेत, वेल्ह्याची माणसं दाराशी जमलीत, हा कागद मशीनच्या पिशवीत तळाशी जाईल आणि तिथंच राहील. तेवढ्यात एक सांगायचंय, आईलाही सांगितलं नाही. त्या दिवशी मी घाबरले नव्हते, आबा. मला तुमची लाज वाटली होती.