बंद मिलची झांकी

इंदूर, ५ सप्टेंबर १९९२

तीर्थरूप इंदूताई,

धाकट्या देविदासचा दंडवत. आम्ही मजेत आहोत. तुझी भावजय पूर्णिमा शेजारणींचे ब्लाउज शिवते, घरात बसून कंटाळते म्हणून. तुझे गुडघे कसे आहेत?

मिल बंद आहे, तरी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत आमच्या झांकीचा चित्ररथ निघणारच. विषय दरवर्षीसारखा गेटवर हात वर करून ठरवला. यंदा मोठी मतपेटी केलीय आणि तिची किल्ली विमानातून उतरणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या हातात. कर्ज देणारे परदेशातून सांगतात, मिला बंद करा. आपण निवडून दिलेले माना डोलावतात. गेटवर सगळे विचारतात, "भिया, फिर वोट मांगा ही क्यों?"

काल एक सरकारी अफसर आला. म्हणाला, "गोरे को हटाओ." आम्ही तिथंच पुन्हा मत घेतलं. गोरा राहणार म्हणून सगळे हात वर. अफसर हसला, "मिल ही बंद है, तुम्हें गिनता कौन है?"

आमच्या पांडुरंगजींचा उजवा हात वीस वर्षांपूर्वी मशीनमध्ये गेला. ते पुढे झाले, डावा हात त्याच्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, "गिनती यहाँ से शुरू करो, साहब."

गोरा जागेवरच आहे, ताई. बघायला ये.

तुझा,
देविदास