पदर सावरून आलेली घेरी

नगर, गणपतीचा सातवा दिवस, १९४५. संध्याकाळ.

कालचं नाटक काही मनातून जाईना. कापड कंट्रोलमध्ये, कापडबाजारात साधं लुगडं मिळायची मारामार, म्हणून आळीच्या नाटकातल्या नायिकेला मी माझी अंजिरी पैठणी दिली. नायिका म्हणजे शेजारचे दत्तूभाऊजी, पोस्टातले कारकून. देताना एवढंच म्हटलं, "पदर तेवढा जमिनीला लागू देऊ नका हं."

एवढंच? दोन-तीनदा तरी म्हटलं असेन.

शेवटच्या अंकात नवरा गेल्याची बातमी येते आणि ती घेरी येऊन कोसळते. बायकांनी आधीच डोळ्यांना पदर लावलेले. भाऊजींनी हंबरडा फोडला, मग थांबून पदर गोळा केला, खांद्यावर नीट घेतला, आणि बेतानं एका कुशीवर आडवे झाले. सगळा मांडव हसला. मीही हसले. मग माझंच बोलणं आठवलं.

आज दुपारी भाऊजी पैठणी परत घेऊन आले. "वहिनी, बघून घ्या, पदराला धूळ नाही." आणि मी खरंच उलगडून बघितली! काय म्हणावं मला? महिनाभर ते परसात तालीम करत होते. जुन्या धोतरात काय सुरेख कोसळायचे!

पैठणी अजून ट्रंकेत ठेवलेली नाही. उद्या तोफखाना भागातल्या गणपतीच्या मांडवात पुन्हा प्रयोग आहे. आत्ताच नेऊन देते आणि सांगते, भाऊजी, उद्या खुशाल धाडकन पडा.