चार बोटांची वीट

३ ऑक्टो. १९९८, शनि.
दसरा झाला तरी म्युझियममधली गर्दी हटत नाही. सगळी जत्रा तलवारींपुढं. अंबाबाईचं दर्शन उरकून आलेली पावणं चपला दारातच काढतात. एकीनं तर तोफेला हळदकुंकू वाहिलं!
कोपऱ्यातल्या विटेपुढं एक माणूस थांबेल तर शपथ. म्युझियमचे साहेब म्हणाले, दिवाळीनंतर वीट गोदामात टाकू, तिच्या काचेच्या पेटीत कट्यारी मांडू.  माझ्यासारख्या गाईडचं कोण ऐकतंय.

४, रवि.
गर्दी ओसरल्यावर त्या विटेपुढं पहिल्यांदाच नीट उभी राहिले. खाली पाटी: 'वीट. सातवाहनकालीन.' बास, एवढंच. तेवढ्यात खिडकीतनं उन्हाची तिरीप आली आणि विटेवर चार रेघा दिसल्या, शेजारी शेजारी. बोटं! ओल्या मातीवरनं ओढलेली. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी...
आई शप्पथ, अंगावर काटा आला. वर्षभर ह्याच हॉलमधून ये-जा करते, डोळे काय गहाण टाकले होते?

६, मंगळ.
आज तलवारी नंतर. दारातच म्हटलं, "पावणं, आधी हात दाखवा बघू." सगळी दचकली. शाहूवाडीकडची मंडळी. त्यांना थेट विटेपुढं नेलं. "हिच्यावर काय दिसतंय?"
एक म्हातारी वाकून बघत होती. "आगं बया! ही तर मान्साची बोटं!" मग तिनं सुनेला ओढून आणलं, सुनेनं नवऱ्याला. अशी झुंबड! आनंदात डबा खायचाच राहिला.
साहेब लांबून बघत होते. 

८, गुरु.
जेवताना आप्पांना विटेचं सांगितलं. आप्पांची उभी हयात वीटभट्टीवर गेली. मी नोकरीला लागल्यापासून मागं लागलेय, पण म्युझियमात पाऊल टाकत नाहीत. आज परत तेच. "राजांच्या वस्तू त्या. आमचं काय हाय तिथं?"
म्हटलं, वीट हाय की.
"जलमभर विटाच बघितल्या. आता तिकीट काढून बघू व्हय?"
डोकंच फिरलं माझं.  आपल्याच बापाला पटवता येईना, साहेबांना काय पटवणार?

११, रवि.
आप्पा आले!! न सांगता. पांढरा सदरा घालून. चपला दारात. म्हटलं, आप्पा, हितं काढायच्या नसतात. "असू दे की."
विटेपुढं कितीतरी वेळ उभे. मग हळूच चार बोटं काचेवर टेकवली, बरोबर त्या रेघांच्या वर. दिवसभर लोकांना 'काचेला हात लावू नका' म्हणून ओरडणारी मी, आज बाजूला सरून त्यांना जागा दिली. 
"कुणी केलती ही?"
"माहीत न्हाय, आप्पा."
"तिकडं तलवारीखाली तर मालकाचं नाव लिवलंय."
  मी वळले तर मागं साहेब. सगळं ऐकलेलं.

१३, मंगळ.
शेवंतामावशी काच पुसायला आल्या. आप्पांच्या बोटांचे ठसे तसेच होते. म्हटलं, आजच्या दिवस राहू द्या. "साहेब वराडतील की गं!" ओरडू देत.
धीर करून साहेबांना म्हटलं, वीट राहू दे. आणि पाटीवर एक ओळ वाढवू: 'करणाऱ्याचं नाव माहीत नाही.'
"बघू," म्हणाले. ह्या 'बघू'चा अर्थ सरकारी माणसाकडं काय होतो, ठाऊक आहे.

१६, शुक्र.
कट्यारींचं खोकं दिवाळीआधीच आलं. विटेच्या पेटीशेजारीच ठेवलंय.
साहेबांनी पेटीची किल्ली मागितली. दिली.  कुलपापाशी जाऊन उभे राहिले, उघडलं मात्र नाही. म्हणाले, "तुमचे वडील परत कधी येतील?"
 मी काही विचारायच्या आत त्यांनी किल्ली खिशात टाकली नि गेले.
साहेबांनी विचारलेलं घरी सांगितलं.  मघाशी मी मोरीत डोकावले, तर आप्पा तोच पांढरा सदरा धूत बसलेत.