एक्केचाळिसावी पट्टी

सोमवार, ४
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क वेळेवर पोहोचले! प्रयोगशाळेत धातूच्या पट्ट्या यंत्राला लावून ताणायच्या, सोडायच्या, पुन्हा ताणायच्या, तुटेपर्यंत. एक ताण म्हणजे एक फेरा. अजून किती फेरे शिल्लक आहेत, हे प्रोग्रॅमनं आधीच सांगायचं; तो माझ्या आधीच्या संशोधकानं लिहिलाय, मी सुधारायचा. यंत्र सांभाळणारे तंत्रज्ञ आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांचा एक दंडक आहे. नवा सेन्सर पट्टीवर चिकटवण्याआधी कुणाच्या तरी मनगटावर लावायचा. पडद्यावर रेघ हलली, तरच तो पास. ताई माझ्यासोबत राहायला आलीय. दोन खोल्या आहेत आणि पसारा चार खोल्यांचा.

बुधवार, ६
अकरा पट्ट्या तुटल्या आणि अकराही वेळा माझा आकडा बरोबर आला. ताण वाढला की एकच फेरा पन्नास फेऱ्यांचं आयुष्य खातो, हे मीच त्या प्रोग्रॅमला शिकवलं. आज मी हवेत आहे. ताई म्हणाली, आता जमिनीवर ये आणि भांडी घास.

शुक्रवार, ८
ताई विसरलेला डबा घेऊन आली. माझे हात तेलकट होते, म्हणून सेन्सर तिच्या मनगटावर लावला. रेघ नाचली, आम्ही खूप हसलो. 'फक्त तपासणी' अशी खूण करायची मात्र राहून गेली आणि ताईची नोंद एक्केचाळिसावी पट्टी म्हणून झाली. मी वेंधळी ती वेंधळीच.

सोमवार, ११
यादीत एक्केचाळिसाव्या पट्टीपुढे आकडा आलाय. शिल्लक फेरे: ७,४०,०००. आणि तो उतरतोय. यंत्र बंद आहे, सेन्सर ड्रॉवरमध्ये आहे. मिनिटाला बहात्तर उतरतात. चूक माझीच असणार, पण सापडत नाही. दिवसभर खुर्चीत नीट बसवलं नाही.

मंगळवार, १२
ताईला फोनवर सहज म्हणाले, नाडी मोज बरं. बहात्तर. मग ती जिना चढली आणि इथे आकडा भराभर घसरला.
यादीत तेविसावी पट्टीही धातूची नाही. मामांना खोदून विचारलं. ते म्हणाले, माझ्या आधीच्या संशोधकानं स्वतःचंच मनगट लावलं होतं. नऊ दिवस शिल्लक दिसले, तो घाबरला आणि तासाभरात खुर्चीतच गेला. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. मी जुनी नोंद आताच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. शेवटच्या मिनिटांत एकेक ठोका हजारो फेरे खात होता. भीतीनंच त्याला संपवलं.
म्हणजे ताईला सांगायचं नाही. काही झालं तरी नाही.

बुधवार, १३
नोंद पुसली. परत आली. आकडा फोनवरही दिसेल असं केलं. ताईला काहीतरी निमित्त काढून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं ठीक सांगितलं, पण रक्त तपासायची सुई पाहून तिचे चाळीस हजार गेले. मला रडू येत होतं, म्हणून बाहेर जाऊन चपला शोधत बसले.
संध्याकाळी ती गुणगुणत भाजी निवडत होती. आकडा चढला! थोडासाच, पण चढला. ती निवांत राहिली तर भरून निघेल. महिनाभर, वर्षभर, कितीही लागो, मी तिला निवांत ठेवीन.

शुक्रवार, १५
रजा टाकलीय. लॅपटॉप घरी आणला. जुने फोटो, पत्ते, तिच्या आवडीची गाणी. मी सारखी हसते. ती म्हणते, तू अशी का हसतेस? नोकरी गेली का? आजारी आहेस का? तिला माझीच काळजी लागलीय. प्रत्येक प्रश्नाला हजार फेरे.
१,९०,०००.

शनिवार, १६, सकाळ
१,१०,०००. ती आली तसा लॅपटॉप घाईत मिटला. तिनं पाहिलं. काय लपवतेस, म्हणाली. मी म्हटलं, कुठे काय. भांडलो — मी आवाज चढवला, मी — ८८,०००.

दुपार
जेवून झोपली. चढतोय. ९१ हजार. ९३. झोप ताई, झोप.

९६. देवा, असंच राहू दे.

थांबला.

उतरतोय. जागी झाली असेल. पाणी प्यायला उठली असेल. मी इथेच बसते, लिहिते, म्हणजे हाक मारावीशी वाटणार नाही —

६०. काहीच तर बोलले नाही मी. स्वप्न पडलं असेल —

३५. आतून आवाज नाही. हाक मारली. उत्तर ना —

१२. मानेवर श्वास — ती मागेच उभी आहे, केव्हापासून — ताई, वाचू नकोस, खोटं आहे गं, ही नुसती गोष्ट लिहि