मंगलाष्टकं नवनाथनंच म्हणावीत

निमगाव सावा,
गुरुवार

ती. सौ. ठकूअक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे हनुमंताचा, तुला आणि चांगदेवदाजींना वाकून नमस्कार (तोही खालच्या पट्टीत). इकडं आई, तुझी भावजय आणि गुरंढोरं बरी आहेत. गुरांत एक वाढलंय, ते पुढं येईल. दाजींच्या गुडघ्याला तेल लागतंय ना? त्यांना सांग, तुमच्या थोरल्या आरोहीच्या लग्नात उगाच धावपळ करायची नाही, तुमच्या अवसरी गावातली पोरं आहेत त्याला. मामानं फोन का उचलला नाही म्हणून तू रागावली असशील. पण अक्का, मला आठ दिवस बोलायचीच बंदी आहे. वॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण तिथलं तुला तुझी धाकटी हर्षाली वाचून दाखवते, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून हे पत्र.

तू मंगलाष्टकं म्हणायला नवनाथला सांगितलंस, हे मला गावातून कळलं. सख्खा मामा मी, आणि माइक चुलत मामाच्या हातात! पण मला त्याचं काही वाटलं नाही. (दोन दिवस जेवलो नाही, ते पोट बिघडलं होतं म्हणून.) तीस वर्षं आपल्या भजनी मंडळात काळी पाचच्या चढ्या पट्टीत गाणारा मी एकटा. मानेची शीर टरारून फुगल्याशिवाय आणि पुढं दोन दिवस घसा बसल्याशिवाय भजन झालं असं मी कधी मानलं नाही. नवनाथ तेव्हा माझ्यामागं टाळ वाजवायचा, तोही लय सोडून. आता हा पठ्ठ्या टेम्पोतून टोमॅटो घेऊन मंचरला जाता जाता तिथल्या साक्षीबाईंकडं गाणं शिकला, आणि अष्टमीच्या भजनाला असा गायला राव, की चहा पितोय का गातोय कळेना. ना शीर फुगली, ना तोंड वाकडं झालं. आणि आपली आई! मी सूर लावला की कानावर पदर ओढून "बाबा, घसा जप" म्हणणारी आई त्या दिवशी डोळे मिटून बसली, आणि संपल्यावर म्हणाली, "नवनाथा, अजून एक म्हण रं." अक्का, तीस वर्षांत मला तिनं एकदा तरी असं म्हटलंय का? जळलो मी. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, लई जळलो.

म्हणून मीही गुपचूप साक्षीबाईंकडं जायला लागलो. घरी सांगितलं, दाढ दुखतेय. (चार खेपा झाल्यावर आई विचारते, तोंडात किती राहिल्यात?) बाई माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, काका, आवाज चांगला आहे, तुम्ही त्याला मारून मारून गाताय. मग पेटीवर बोट फिरवून माझी पट्टी काढली पांढरी दोन, काळी पाचच्या कितीतरी खाली. बागायत जमिनीची कुणी जिरायत म्हणून नोंद करावी तसं वाटलं मला. नंतर शिकवणी अशी: पेल्यातल्या पाण्यात नळी घालून बुडबुडे काढत सूर धरायचा, ओठ फडफडवत वरखाली जायचं (मंचरच्या स्टँडवर करत होतो, तर शेजारची बाई पिशवी घेऊन पलीकडच्या बाकावर गेली), चार मोजत पोटात श्वास घ्यायचा आणि आठ मोजत सोडायचा. आणि शेवटी हा कहर, आठ दिवस मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही.

नेमका त्यात बेल्ह्याचा बाजार आला. शेजारच्या सावळेरामला बैल घ्यायचा होता, मी नुसता सोबतीला. तो चहाला गेला आणि मी एका बैलापाशी उभा राहून बोटांवर श्वास मोजत बसलो. तोच व्यापाऱ्यानं माझा हात धरला आणि वर उपरणं टाकलं. तुला माहीत आहे, बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं दाबून ठरतो. तो दाबतोय, मला 'नाही' म्हणता येईना, घाबरून श्वास चुकला. तो सावरायला मी पहिल्यापासून चार मोजले, ते नेमके त्याच्याच बोटांवर. त्यानं उपरणं झटकलं, "दिला, पावणं!" म्हणून ओरडला आणि बैलाच्या पाठीवर गुलाल पडलासुद्धा. मी दोन्ही हात जोरजोरात हलवले, तर लोकांना वाटलं मला आनंद झालाय. बैल दारात बांधला तेव्हा तुझी भावजय एवढंच म्हणाली, "एक 'नाय' म्हणाया काय जड जात व्हतं?" तेव्हापासून तीही माझ्याशी बोलत नाही, त्यामुळं घरात मौन दोघांचं आहे.

तर सांगायचं एवढंच, की मंगलाष्टकं नवनाथनंच म्हणावीत. गुणी माणूस आहे. (फक्त त्याला म्हणावं, तो कडक इस्त्रीचा झब्बा घालू नकोस, नवरदेव कोण ते लोकांना कळायला हवं.) पोरीच्या मागं मामा म्हणून उभं राहायचा मान माझा आहे, तेवढा मला रग्गड झाला.

तुझा भाऊ,
हनुमंत

ता. क. शेवटचं मंगलाष्टक तेवढं मला म्हणू दे. एकच. आपल्याकडं म्हणतात त्या पाचातलं एक गेल्यानं नवनाथचं काय झिजणार आहे?

आणखी ता. क. मी साक्षीबाईंकडं जातो हे नवनाथला कळलं, तर लग्नाला मामा येणार नाही असं समज.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, ते बरंच झालं. आज शनिवार, मौन सुटलं. सकाळी गोठ्यात धार काढताना पांढरी दोनमध्ये, शीर न फुगवता, हळूच एक मंगलाष्टक म्हणून पाहिलं. घरातून आईचा आवाज आला, "नवनाथा, कवा आलास रं? अजून एक म्हण की." अक्का, हसावं का दुधाची बादली भिरकावून द्यावी, मला कळेना. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं का कशाचं तूच सांग. तिची समजूत तशीच राहू दिली. अजून दोन म्हटली. तेव्हा आता असं कर, पत्रिकेवर नाव नवनाथचंच छाप, पण माइक माझ्याकडं दे. आरोहीच्या मागं उभा राहून पाचही मीच म्हणतो. आई डोळे मिटूनच ऐकते, कोण गातंय ते तिला सांगू नकोस.