खिडक्यांतलं शिसं

४ मार्च

शिसं! चिमीच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. दीड वर्षाची पोर, तिच्या रक्तात शिसं येणार कुठून? जुन्या घराच्या रंगातून, म्हणाल्या. पापुद्रे सुटतात, खिडकी उघडबंद करताना भुकटी पडते, पोरं तिथे हात लावतात आणि तोच हात तोंडात घालतात. बस, एवढंच पुरतं. मेंदूवर परिणाम होतो, बोलणं-शिकणं मागे पडतं. आणि झालेलं नुकसान भरून येईलच असं नाही.

चिमी अजून एक शब्द बोलत नाही. यामुळेच का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

५ मार्च

घरात सांगितलं. अण्णा, म्हणजे माझे सासरे, जन्मभर रंगारी. या घराची खिडकी न् खिडकी त्यांच्या हातची, थरावर थर. मी त्यांच्या कामाला नावं ठेवतेय असंच त्यांना वाटलं! शिशाचा रंग तेव्हा सगळ्यात भारी समजला जायचा, कितीही पुसा, चमक जायची नाही — हे वर मलाच ऐकवलं. दोन मुलं इथेच वाढवली, म्हणे. नवरा पेपरात डोकं खुपसून. बापाचं आणि बायकोचं वाजलं की हा माणूस भिंत होतो.

७ मार्च

सगळ्यांना बजावलं. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचं. चिमीचा पलंग खिडकीपासून लांब. रंग काढायला माहीतगार माणसं येतील, तोवर खिडक्यांना कुणी हात लावायचा नाही.

भाऊजींनी लगेच मान हलवली. माझे हे धाकटे दीर पस्तिशीचे, पण शर्टाची बटणं अजून अण्णाच लावून देतात. लहानपणापासून असेच, एवढंच मला लग्नात सांगितलं होतं. माझं म्हणणं या घरात तेवढे एकटे ऐकतात.

१२ मार्च

पुसून पुसून हाताची सालं निघाली. नवरा म्हणतो, इतकं करायलाच हवं का? दुसरा फडका त्याच्या हातात कोंबला.

१५ मार्च

डोकं आपटून घ्यावंसं वाटतंय!

चिमीला घेऊन दुपारी बाजारात गेले होते. परत येते तर अण्णांनी खोलीतल्या सगळ्या खिडक्या पॉलिशपेपरने घासून ठेवलेल्या. कोरड्या! नवा रंग देऊन मला चकित करायचं होतं म्हणे. भुकटी पडद्यांवर, खेळण्यांवर, चिमीच्या उशीवर. आणि मध्ये अण्णा, भुवयांपर्यंत पांढरे, खूश.

"बघ, सगळं शिसं काढून टाकलं."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहवत नाही.  केर काढावा म्हणून अण्णा झाडूकडे वळले, तोही मी हिसकावून घेतला.

चिमीला तशीच उचलून मैत्रिणीकडे आले. मागोमाग नवरा बॅग घेऊन आला. कुणी न सांगता! लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

२९ मार्च

पुन्हा रक्त तपासलं. आकडा जागचा हललेला नाही. वेळ लागतो, धीर धरा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. धीर धरून धरून माझा जीव मेटाकुटीला आलाय, त्याचं काय?

अण्णा न बोलावता दवाखान्यात आले होते. मागे भिंतीला टेकून उभे. डॉक्टरीणबाईंना म्हणाले, मला पहिल्यापासून सांगा. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं — भुकटी, तोंडात जाणारे हात, मेंदू, बोलणं.  मला वाटलं, आता तरी माफी मागतील. पण ते जिन्याकडे वळले. मीही जिना उतरताना त्यांना हात दिला नाही. राग जातच नाही, काय करू?

३० मार्च

सकाळी अण्णा मैत्रिणीच्या दारात. आत या म्हटलं, येईनात.

"धाकट्याचंही रक्त तपासतील का गं? त्या खिडकीला धरूनच तो उभा राहायला शिकला."

डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. इतक्या वर्षांनी रक्तावरून काहीच कळणार नाही, म्हणाल्या.

अण्णा बाहेर पायरीवर बसलेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही.